बाहुल्यांच्या गुहेतली होडी

प्रिय ठमाबाई,

फोन उचलायचाच नाही असं तू ठरवलेलं दिसतंय, म्हणून हे पत्र. मला लिहायचा किती कंटाळा आहे ते तुला माहीत आहे. शाळा चौथीत सुटली ती सुटली, पुढे हातात पेन घेतलं ते फक्त मापं टिपायला. तेव्हा अक्षराला हसू नकोस आणि अर्ध्यात ठेवून देऊ नकोस. लग्न तोंडावर आलेलं असताना नवऱ्यामुलाला नाही म्हणालीस, मावशीकडे पळालीस, आणि आता आईसमोर कोणत्या तोंडाने जाऊ म्हणून तिथेच बसून राहिली आहेस, असं मावशी सांगते. आई मला फाडून खाईल, असंही म्हणालीस म्हणे. खाल्लंही असतं, पण सध्या मला वेळ कुठे आहे?

बागेतल्या आपल्या होडीच्या गुहेतलं सगळं पाणी काढलंय. वर्षाची सफाई. तुझे बाबा गुडघ्यापर्यंतचे बूट घालून दिवसभर चरात उतरलेले असतात, पंप उघडून बसतात, आणि घरी येताना शेवाळाचा वास घेऊन येतात. तळाशी नेहमीसारखे चष्मे, किल्ल्या, एकेकट्या चपला सापडल्या. या वेळी दातांची एक अख्खी कवळी निघाली. कवळी पाण्यात पडेपर्यंत कोण एवढं हसलं असेल, की शिंकलं असेल, यावर धक्क्यावर पाहुण्यांना होडीत बसवणाऱ्या पोरींचं आणि बाबांचं जोरात भांडण झालं. ऑफिसातल्या साहेबाने फाटकावर पाटी लावली, ओळख पटवून घेऊन जा म्हणून. ओळख पटवायची कशी, चावून? मी तोंडावर विचारलं तर रागावला. माझ्या खोलीत सगळ्या बाहुल्या उघड्या उभ्या आहेत, नुसत्या लोखंडी सळ्या आणि वर हसरी डोकी. कपड्यांचे ढीग धुवायचे, वाळवायचे, उसवलेलं शिवायचं. ओल सगळं खाते ग. कापड वर्षभर टिकलं तर नवस फळल्यासारखं वाटतं.

तिकडे नवा उंच पाळणा उभा राहतोय, माणसं उलटी लटकवणारा. तो झाल्यावर आपल्या गुहेला कोण विचारणार, असं साहेब म्हणत होता. मी म्हटलं, तुमच्यासारखे कितीक साहेब आले आणि गेले, होडी चालू आहे. जुन्या मालकाची गोष्ट तुला बाबांनी सांगितलीच असेल. लाकडाचा व्यापारी होता तो. एवढी मोठी बाग उभी केली आणि स्वतःला साध्या झोक्यावरही घेरी यायची. सगळे मजा करायचे आणि हा बाकावर बसून लिंबू हुंगायचा. तेव्हा आपल्यासारख्या घेरी येणाऱ्यांसाठीही काहीतरी असावं म्हणून त्याने ही होडी केली. फार पूर्वी कुठे कुठे अशा अंधारातल्या होड्या असायच्या म्हणे, लग्न न झालेल्यांना हात धरायला मिळावा म्हणून. यानेही अंधार ठेवला, पण घरातल्या म्हाताऱ्यांनाही बसता यावं म्हणून आत बाहुल्या उभ्या केल्या. पहिल्या होड्या लाकडी होत्या, गळायच्या. वळणावर अडकल्या की माणूस बांबू घेऊन ढकलायचा. बाहुल्या भुशाच्या होत्या, त्यांची नाकं उंदरांनी खाल्ली. मग लोखंडी आल्या, मान वळवणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर मी आले, कारण लोखंडाला कपडे लागतात. आत वाजतं ते गाणं मात्र पहिल्यापासून तेच. तुझे बाबा झोपेतही ते गुणगुणतात, आणि तेही बेसूर.

एवढं काय आहे त्या होडीत, असं मला पाहुणे विचारतात. काही नाही. ना इंजिन, ना वल्हं, पाणी नेईल तशी जाते. कोणी ओरडत नाही, कोणाचं पोट ढवळत नाही. धक्क्यावर उभं राहून बघ, भांडत आत गेलेली माणसं बाहेर येताना हळू बोलत असतात. एकमेकांकडे बघावं लागत नाही, सगळे समोर बघतात, आणि अंधारात थंडगार वाटतं. मला वाटतं माणसाला कधीतरी कोणीतरी नुसतं न्यावं असं वाटत असतं, आणि कुठे नेतात ते आधी ठाऊक असलं की आणखी बरं.

लहान होतीस तेव्हा तुला बाबा झोपवायला न्यायचे त्यात. झोपायची नाहीसच. उलट उभी राहून, भांडं ढवळणाऱ्या त्या बाहुलीकडे बोट करून पाहुण्यांना दम द्यायचीस, आजीला हात लावायचा नाही, ती स्वयंपाक करतेय. एकदा एका मोठ्या माणसाने खलाशाच्या बाहुलीला राजा म्हटलं तर तू त्याला बागेच्या फाटकापर्यंत सोडलं नाहीस. तो शेवटी कान धरून म्हणाला, बाई, खलाशी तर खलाशी. असा तोंडाळपणा कुठून आला, म्हणून मी बाबांकडे बघायचे आणि बाबा माझ्याकडे.

आता लग्नाचं काय झालं ते ऐक, म्हणजे डोक्यातून काढून टाकशील. हॉल रद्द करायला बाबा गेले. तोंड पाडून येतील म्हणून मी चहा ठेवला, तर हा माणूस शीळ घालत जिना चढत होता. मला बघितल्यावर गप्प झाला आणि खोकल्याचं नाटक केलं. शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या, पोरीला काय कमी होतं, एवढं चांगलं स्थळ. मी म्हटलं, तुमच्या भाचीसाठी अजून रिकामं आहे, पत्ता देऊ का? तेव्हापासून त्यांना घरात फार काम निघालंय.

आणि तुझा लग्नाचा पोशाख. तो मी शिवत होते हे तुला माहीत आहे, पण पुढचं माहीत नाही. चांगलं जाड रेशीम, हात लावायला भीती वाटेल असं. एका दुपारी जेवून बसले, कापला, टाचला, पुढून अगदी सुरेख. उलटा धरून बघते तर पाठ गळ्यापासून कमरेपर्यंत उघडी ठेवलेली, कडेला नाड्या लावायला जागा सोडलेली. बाहुल्यांचे कपडे असेच असतात ना, मागून सळई येते, आणि होडी काही पाठीमागून जात नाही. इतकी वर्षं हात तेच करतोय, जिवंत माणसाला पाठ असते हे तो विसरला. बाबांना दाखवलं तर ते हसून हसून खाली बसले. मी शकुनबिकुन मानत नाही, तुला माहीत आहे. कापड वाया गेलं म्हणून चिडले, एवढंच. पण दुसरं कापड आणायला माझे पाय काही निघेनात. आज जाते, उद्या जाते करत राहिले. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती, बाबांनासुद्धा नाही.

तू नवऱ्यामुलाला गुहा दाखवायला आणलंस तो दिवस आठव. मी आत होते. आजीची बाही कोपराशी पुन्हा फाटली होती, ढवळून ढवळून फाटतेच ती, म्हणून मधल्या वेळात मागच्या दाराने शिरले. होडी यायच्या आधी वळणावरचा लाल दिवा लागतो आणि आपण बाहेर पडायचं. तो दिवा गेला होता, बाबांना किती वेळा सांगितलं होतं बदला म्हणून. तुमची होडी एकदम समोर. अशा वेळी आमचा नियम एकच, पाहुणे दचकता कामा नयेत, बाहुली होऊन उभं राहायचं. मी सुई हातात धरून आजीच्या शेजारी उभी राहिले, मान वाकडी करून. तू हौसेने त्याला सांगत होतीस, ही शाल आमच्या घरच्या पडद्याची, आईने केली. तो म्हणाला, लग्नानंतर हे बाहुल्यांचं पुराण बंद, आमच्या लोकांत आईचं कपड्यांचं दुकान आहे म्हणून सांगायचं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, ही दुसरी म्हातारी किती भयाण बनवलीय. त्याचं मला काही वाटलं नाही, उजेड खालून पडतो तिथे, कोणीही भयाणच दिसेल. पण तू खाली पाण्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, बरं. नुसतं बरं. एका खलाशासाठी माणसाला फाटकापर्यंत न सोडणारी माझी पोर बरं म्हणाली, आणि होडी पुढे गेली. मला ओरडावंसं वाटत होतं आणि बाजूला आजी आपली ढवळतेय. नंतरही बोलले नाही, कारण निवड तुझी होती. आईची लाज लपवून तू सुखात राहणार असशील तर राहा, असं म्हणून मी गप्प बसले. पण घशाखाली घास उतरत नव्हता. मग तू चिठ्ठी ठेवून गेलीस, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवले. बाबांनी दोनदा वाढलं.

आता हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगते. मावशी म्हणाली की दारावरची घंटा वाजली की तू आतल्या खोलीत जाऊन कडी लावतेस, आई आली असेल म्हणून. तर रविवारी सकाळी खरंच आईच येणार आहे, बाबांना घेऊन. मी न कळवताच येऊन दार वाजवलं असतं, पण कडीच्या आत बसून तू घाबरावंस हे मला नको. म्हणून पत्र पुढे पाठवतेय. मी ओरडायला येत नाहीये. मला इतकं हलकं वाटतंय की ओरडणं जमणारही नाही. घंटा वाजली की दार तूच उघड, आणि उघडल्या उघडल्या माझ्याशी कशावरून तरी भांड. फार दिवस झाले तुझं भांडण ऐकून.

तुझीच, घाईत असलेली,
आई