दादाचं लायसन, तुमचा टेम्पो

आबा, तुमचा टेम्पो आता मी चालवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुमचं डोकं फिरणार आहे. दादा एका जावळाच्या जेवणाहून पिऊन येत होता. नाक्यावर पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावलं आणि सगळं उघडं पडलं. कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. पहिलीच वेळ म्हणून तुरुंग टळला. पण दंड झाला, कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसावं लागलं आणि लायसन सहा महिने बंद. "पुन्हा सापडलात तर आत जाल," असंही जजसाहेबांनी बजावलं. घोर वेगळाच होता. टेम्पो दारात उभा राहिला तर कागलच्या कारखान्याचं काम जाणार, आणि घर तर त्याच्यावरच चालतं. आई म्हणाली, "बदली ड्रायव्हर बघू या." मी म्हटलं, "कशाला? माझ्याकडं लायसन हाय की." ते तुम्हाला न सांगता काढलं होतं, इथंच गावात सासरी गाडी शिकून.

मला अजून दिसतं. तुम्ही टेम्पो मागं घेताय आणि मी टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर थाप मारत ओरडतेय, "येऊ द्या, येऊ द्या, बास." एकदा स्टिअरिंगला हात लावला तर केवढ्यानं खेकसलात, "त्ये दादाचं काम. तू मागं हुबी ऱ्हा." राहिले उभी, लग्नाच्या वयाची होईपर्यंत. त्यामुळं ही गाडी मागं कुठं संपते, हे मला झोपेतही कळतं.

पहिल्या दिवशी गेटवरचा वॉचमन विचारतो, "ताई, ड्रायव्हर कुठं हाय?" म्हटलं, "तुमच्यासमोर बसलाय की, पावणं." माल चढवायच्या फलाटाला एका दमात टेम्पो लावला. मागं दादा उभा होता, फाळक्यावर थाप मारत, "यिऊ दे, यिऊ दे, बास." आबा, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

काम टिकलं. दादानं त्या दिवसापासून थेंबाला शिवलेलं नाही. परवा त्याचं लायसन परत मिळालं, तेव्हा मी किल्ली पुढं केली. त्यानं ती माझ्याच मुठीत दाबली. "तूच चालीव. मी मागं हुबा ऱ्हातो."

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून खरं लिहिते. साहेबांनी सहा महिने म्हटलं, तेव्हा आई रडत होती. मी मात्र दादाच्या खिशातल्या किल्लीकडं बघत होते.