ग्रंथात नसलेलं वचन

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुकानाच्या पाटीचा फोटो पोचला. ज्या चौकातल्या न्हाव्यानं काळ्यांचे केस कापत नाही म्हणून तुला खुर्चीवरून उठवलं होतं, त्याच चौकात आता तुझं चार खुर्च्यांचं दुकान! ग्रंथालयात मी तो फोटो इतक्या जणांना दाखवला, की शेवटी शिपाई म्हणाला, बाई, आता मला एक हजामत फुकट मिळालीच पाहिजे. आपल्या घरात अभिमानाला पाप म्हणत. हे एक पाप मी मजेत केलं.

काळजी बाबांची आहे. उद्घाटनाला चला म्हटलं की नुसती मान हलवतात. आरशात पाहू नये असं आपल्या पंथाच्या ग्रंथात आहे ना, आणि तुझ्याकडे तर भिंतभर आरसे. ते आले तर तू आरशांवर चादरी टाकणार, हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. महिनाभर खपून मी ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. उपवास, पहाटेची प्रार्थना, जेवताना न हसणं, सगळं सापडलं. आरशाचं वचन कुठेच नाही! खात्रीसाठी पुन्हा वाचला.

रविवारी ग्रंथ त्यांच्यापुढे ठेवून विचारणार आहे, दाखवा कुठंय ते. ऐंशीच्या माणसाला असं कोंडीत पकडावं का, हा प्रश्न रोजनिशीत तीनदा लिहिला, उत्तर एकदाही लिहिलं नाही. पण कधी खोटं न बोलणाऱ्या माणसानं आपल्याला बिनआरशाचं का वाढवलं, हे मला कळायलाच हवं.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

८ मार्च

चि. शंकासुरास,
अनेक आशीर्वाद.

विचारू नकोस. तसं वचन नाही हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. कुणाला सांगणार नाही असं बाबांना कबूल केलं होतं, ते आज मोडतोय.

तू पाच वर्षांची होतीस. शाळेत फेर धरताना कोणी तुझा हात धरेना. तुझा रंग लागेल म्हणाल्या मुली. घरी येऊन तू आरशासमोर स्टुलावर चढलीस आणि भांड्यांच्या घासणीनं उजवा गाल घासत सुटलीस. रक्त आलं तरी थांबेनास. पायरीवर पडलीस, असं आम्हीच तुला नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी बाबांनी आरसा उतरवला आणि प्रार्थनेनंतर सगळ्यांना ते वचन ऐकवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, उद्यापासून हिची वेणी तू घालायची, आणि झाली की कशी दिसते ते हिला रोज सांगायचं. तेव्हा मी नऊ वर्षांचा. माझा धंदा मी तिथेच शिकलो.

चादरी मी ग्रंथाला भिऊन टाकत नाहीये. बाबांचा शब्द राहावा म्हणून टाकतोय.

जप स्वतःला, आणि वाद जरा कमी घाल.
दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी मी ग्रंथ फळीवरून काढलाच नाही. तर बाबांनीच विचारलं, दोनदा वाचलास, काय सापडलं? मी म्हटलं, हवं होतं ते सगळं. त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं असावं. असावं म्हणते, शपथ घेणार नाही. ते ओळखून ते चक्क हसले, तेही जेवताना.

मग कोटाच्या खिशातून तळहाताएवढा आरसा काढला. सकाळीच बाजारातून आणला होता. मला वाटलं, कॉलर बघतील. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. दुसऱ्या बाजूनं मीही धरला. उजवा गाल अजून हुळहुळतो का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, दादा तुला रोज सांगायचा ते खरंच होतं, आता तूच बघून घे.

बघितलं, दादा.

उद्घाटनाला आम्ही दोघं येतोय. पहिल्या खुर्चीवर बाबा बसणार, दाढी नीट कर. लोभ आहेच, तो मी तिथे येऊन मोजून घेईन.

आणि त्या चादरी धुवायला टाक.
तुझी धाकटी