उकिरड्यावर टाकलेल्या गोळ्या

माय, गेल्या रविवारी पिंप्राळ्याच्या समाजमंदिरात नानांनी तुझ्यावर भाषण केलं. तेव्हापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. चहा प्यायला तरी कडू लागतो. ज्यांच्यासमोर तू डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाहीस ते तुझे मोठे दीर आता ऐंशीच्या घरात आहेत, समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, आणि कार्यक्रम होता ‘मानसिक आरोग्य जनजागृती’चा. तू गेलीस तेव्हा हे शब्द आपल्याकडे कुणी उच्चारत नव्हतं. आता त्यांचे फलक छापतात. दाराशी फोटो काढायला एक चौकट उभी केली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘मन मोकळं करा, आनंदी राहा’. बायका तिच्यात तोंड घालून हसत होत्या. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते म्हणून मलाही पाच मिनिटं बोलायला बोलावलं होतं. नाना अध्यक्ष आहेत हे मला ठाऊक होतं. तरी गेले, कारण धाकट्याचा फोन आला होता, अक्का तू ये, मी पण येतो आहे. धाकटा म्हणजे तुझा मुलगा. ज्याच्या जन्मानंतर हे सगळं झालं तो. आता चाळिशी ओलांडली आहे त्याने, डाळमिलमध्ये सुपरवायझर आहे, केस कानांपाशी पांढरे झालेत.

तू त्याला कितपत ओळखतेस मला माहीत नाही. मला मात्र ते दिवस आठवतात. साक्रीच्या पुढचं आपलं गाव, बाळंतिणीची अंधारी खोली, आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. बाळ रडतं आहे आणि तू वळून बघत नाहीस. तू रात्रभर जागी असायचीस, दिवसाही डोळा लागत नव्हता, भाकरी हातात धरून तशीच बसायचीस. एकदा मी बाळाला उचलून तुझ्या मांडीवर ठेवायला गेले तर तू मागे सरकलीस आणि म्हणालीस, “माले याले घेवानी भीती वाटस.” तुला स्वतःचीच भीती वाटत होती, हे मला पुढे पुस्तकं वाचल्यावर कळलं. बाळंतपणानंतर अंगातली काही संप्रेरकं एकदम उतरतात, झोप पार तुटते, आणि काही बायकांच्या मनावर असं मळभ येतं की आपल्याच लेकराला आपल्या हातून काही होईल असं वाटू लागतं. हा आजार आहे. ओळखला तर त्याच्यावर उपचार होतात आणि बाई बरी होते. मी दरवर्षी हा धडा मुलींना शिकवते आणि शिकवताना खिडकीबाहेर बघते.

घरात मात्र कुणी आजार म्हटलं नाही. आजी म्हणाली नखरे आहेत, काकू म्हणाली बाहेरचं लागलं आहे, आणि बाबा बैल सोडून शेताकडे निघून गेले. बाबांनी आयुष्यभर तेच केलं. नानांनी ठरवलं की तुला डोंगरातल्या भगताकडे न्यायचं. मला बाळाला धरायला सोबत घेतलं होतं. त्या झोपडीत मिरच्यांची धुरी केली होती, माझ्या घशात जाळ झाला, बाळ खोकून निळं पडायला आलं तशी मी त्याला घेऊन बाहेर पळाले आणि कुडाच्या फटीतून आत बघत राहिले. भगताने तुझे केस मुठीत धरले होते. नाना शेजारी मांडी घालून बसले होते, देवळात बसावं तसे. तू ओरडली नाहीस. तू डोळ्यांतून पाणी वाहत असताना अगदी शहाण्यासारखं, हळू आवाजात सांगितलंस, “मी येडी नही शे. माले बरं नही शे.” त्यावर नाना भगताला म्हणाले, ती बोलत नाही, तिच्या आत जे आहे ते बोलतं आहे. मग निंबाच्या फांद्या सुरू झाल्या. इतक्या वर्षांत मी बरंच काही विसरले, पण नानांचं ते वाक्य नाही. माराची किळस येतेच, पण त्याहून जास्त या गोष्टीची येते की तू तुझं दुखणं नेमक्या शब्दांत सांगितलंस आणि त्यांनी ते शब्दच तुझ्याकडून काढून घेतले.

मामाला कुठून तरी कळलं. तो धुळ्याहून आला, कुणाशी वाद न घालता आपल्या तिघांना एसटीत बसवून घेऊन गेला. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातले ते डॉक्टर तुला आठवतात का? त्यांनी मामाला बाहेर बसायला सांगितलं. मी तुझा पदर सोडत नव्हते म्हणून मला राहू दिलं. त्यांनी सगळे प्रश्न तुला विचारले. झोप कधीपासून नाही, भूक लागते का, मनात काय काय येतं. इतके दिवस सगळे तुझ्याबद्दल एकमेकांना विचारत होते, तुला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “बाई, तुम्ही आजारी आहात. हा आजार बरा होतो. वेळ लागेल, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.” तू टेबलावर डोकं टेकून रडलीस. डॉक्टर थांबले, घाई केली नाही.

मामाच्या घरी आपण राहिलो. पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता, उलट तुझं तोंड कोरडं पडायचं, चालताना तोल जायचा. मामी कुरकुरायची की या गोळ्यांनी तर आणखीच वाटोळं होईल. मामा म्हणायचा, डॉक्टरांनी सांगितलं आहे, थांबा. मग एका दुपारी जेवताना तू घास तोंडात ठेवलास, जरा थांबलीस आणि म्हणालीस, “भाजीमा मीठ कमी शे.” मामी चिडायची सोडून हसायला लागली. तुला चव कळली होती. त्यानंतर तू हळूहळू परत आलीस. आधी माझी वेणी घातलीस. मग एक दिवस मामीला बाजूला सारून स्वतः डाळीचे फुणके वाफवलेस, कढीला फोडणी दिलीस, आणि स्वयंपाकघर हिंगा-लसणाच्या वासाने भरून गेलं. आणि एका सकाळी तू न्हाणीत पाट ठेवून बसलीस, पाय लांब केलेस, बाळाला पायांवर पालथं घेतलंस आणि तेल लावू लागलीस. मी दारात उभी होते. तू माझ्याकडे बघून म्हणालीस की पाणी आण, नुसती उभी काय राहिलीस. मला रागावलीस, माय. इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढचं मला लिहायला नको वाटतं, पण लिहिते. आपण गावी परतलो आणि गोळ्यांची पुडी नानांच्या हाती लागली. त्यांनी ती ओसरीवर सगळ्यांसमोर उघडली. वेड्यांच्या डॉक्टरची औषधं खाणारी बाई या घरात आहे हे गावभर झालं तर घरातल्या पोरींना कोण करेल, असं ते म्हणाले. तू हात जोडून सांगत होतीस की मला या गोळ्यांनी बरं वाटतं. ते उठले आणि पुडी गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकून आले, वर शेणाची पाटी ओतली. बाबा खांबाला टेकून उभे होते. ते जमिनीकडे बघत राहिले.

महिना उलटायच्या आत तू पुन्हा भिंतीकडे तोंड केलंस. मामा दोनदा आला, दोन्ही वेळा त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. धाकट्याला काकूच्या ओटीत घातलं, तो तिलाच माय म्हणायला शिकला. तुला गोठ्याशेजारची खोली दिली. मी गावात होते तोवर तुझी ताटली मीच नेत होते. शाळेला गेले की ती दाराबाहेर तशीच पडलेली असायची, कडेला मुंग्या. उवा झाल्या म्हणून कुणीतरी तुझे केस कापून टाकले, वेडेवाकडे, बकरी भादरावी तसे. मी धुळ्याला कॉलेजात होते तेव्हा तू तापाने गेलीस. साधा ताप, दवाखान्यात नेलं असतं तर उतरला असता. मी पोचले तेव्हा ओसरीवरच्या बायका म्हणत होत्या, सुटली बिचारी. नाना म्हणाले, सगळेच सुटलो.

आणि गेल्या रविवारी हाच माणूस पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात, अंगाला अत्तर लावून, गळ्यात शाल घेऊन माइकसमोर उभा होता. मनाचा आजार हा शरीराच्या आजारासारखाच असतो, तो लपवू नका, असं सांगत होता. कुणीतरी लिहून दिलेलं असणार. मग कागद बाजूला ठेवून म्हणाला की आमच्या घरातच हे दुःख होतं, माझी भावजय, मी तिला सख्ख्या बहिणीसारखं मानलं, त्या काळात जे जे करता येईल ते ते सगळं केलं, पण तिचं नशीब. मग पहिल्या रांगेतल्या धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाला, हा जन्मला आणि ती मनाने कायमची गेली, पण आम्ही याला आईची उणीव भासू दिली नाही. सभागृहात टाळ्या वाजल्या. धाकट्याने मान खाली घातली. मी त्याच्या मानेकडे बघत होते. त्या मानेवर हे ओझं किती वर्षं आहे ते मला त्या क्षणी दिसलं.

माझं नाव पुकारलं. मी तयार करून आणलेलं काहीच बोलले नाही. मी म्हणाले, “ती कायमची गेली नव्हती. ती बरी होत होती. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिला गुण आला होता, आणि त्या गोळ्या नानांनी उकिरड्यावर टाकल्या. मी बघितलं आहे.” मग एवढंच सांगितलं की बाळंतपणानंतर बाई झोपत नसेल, बाळाला घ्यायला घाबरत असेल तर तिला डॉक्टरकडे न्या आणि तिला स्वतःला बोलू द्या. नानांनी माइक मागून घेतला. ते रागावले नाहीत, त्यांनी हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, “पोरीच्या मनावर परिणाम झाला आहे. आईचंच आहे, आपण समजून घेतलं पाहिजे.” लोकांनी माना डोलावल्या. समजून घेतलं! कुडाच्या फटीतून दिसलेला तोच माणूस होता, फक्त भाषा नवी शिकला होता. मी त्यांचा हात डोक्यावरून काढला आणि खाली उतरले. मागे सूत्रसंचालकाने घाईघाईने अल्पोपाहार जाहीर केला. माझ्या शेजारून लोक कचोरीच्या रांगेकडे गेले. दोन-तीन बायकांनी माझ्याकडे वळून बघितलं, बाकीच्यांनी तेही नाही.

धाकटा बाहेर त्याच्या स्कूटरवर बसला होता, चावी हातात, गाडी बंद. मी जवळ गेले. मग त्याने विचारलं, “अक्का, तिने मला कधी घेतलं होतं का?” मी त्याला न्हाणीतली ती सकाळ सांगितली. पाट, तेल, तुझे लांब केलेले पाय. तो लहान पोरासारखं ऐकत होता. मग म्हणाला की त्याची मुलगी झाली तेव्हा कितीतरी दिवस त्याने तिला हातात घेतलं नव्हतं, आपल्यामुळे आई वेडी झाली, आपला हात लागला की काहीतरी बिघडतं असं त्याला वाटायचं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आताही त्याला झोप लागत नाही, मिलमध्ये यंत्राशेजारी उभं असताना मनात वाईट येतं, आणि कुणाला सांगावं तर लोक म्हणतील, आईवर गेला.

या गुरुवारी मी त्याला घेऊन जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आत मी गेले नाही. तो बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, पण खांदे उतरले होते, ओझं खाली ठेवल्यावर उतरतात तसे. गोळ्या दिल्या आहेत, दर आठवड्याला बोलायला जायचं आहे. त्याने रस्त्यातच बायकोला फोन करून सांगितलं, कुठे गेलो होतो ते, लपवलं नाही. घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आम्हा दोघांना काढून टाकलं आहे. काकूने निरोप पाठवला की म्हाताऱ्या माणसाचा चारचौघांत अपमान केलात. नाना पुढच्या महिन्यात आणखी एका शिबिराचे अध्यक्ष आहेत म्हणे. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की ही किळस जाईल. गेली नाही. ती असू दे.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही आणि धाकट्याला मी वाचायला देणार नाही, म्हणून इथेच सांगते. स्कूटरवर बसून त्याने मला आणखी एक विचारलं होतं, तेल लावताना ती काही म्हणत होती का. मी म्हणाले, हो, गुणगुणत होती, तुझं नाव गाण्यात घालून. तो इतका हसला, माय. तू गुणगुणत नव्हतीस. तू गप्प होतीस, ओठ घट्ट मिटून, आणि तुझे हात थरथरत होते.