गायत्रीच्या हातचा चहा

भेस्तान, सुरत
२२ ऑक्टोबर १९९४

प्रिय सुलभाताई,
तुला आणि भाऊजींना वाकून नमस्कार.

आठवतं का, आई आपल्या वेण्या आपल्यालाच घालायला लावायची? भांग वाकडा आला तरी तसंच कॉन्व्हेंटला धाडायची, आणि सिस्टर दारातच अडवायच्या.

काल मीही तसाच हट्ट केला. आमच्या अंध मुलींच्या शाळेतला स्वयंपाकाचा वर्ग बंद करा, असं ट्रस्टी भूपेंद्रभाई म्हणत होते. "बेन, गॅस आणि या छोकऱ्या?" मी म्हटलं, आधी चहा तर घ्या.

चहा गायत्रीने केला. इथल्या पांडेसरा वस्तीतली पोर, तुझ्या नातीच्या, नेहाच्याच वयाची. तिच्यासारखीच जन्मापासून न दिसणारी. उकळी तिने आवाजावरून ओळखली, कपाच्या काठाला बोट लावून चहा ओतला. फडकं घेऊन शेजारी उभी होते ती मीच.

"खांड ओछी छे," भूपेंद्रभाई म्हणाले.

"साखर खाली बसलीय, काका. ढवळा की!" गायत्री म्हणाली.

ते पोट धरून हसले. वर्ग चालू राहणार आहे. गायत्रीला आजवर शेगडीजवळ फिरकू न देणारी तिची आई सुभद्राबाई आपल्या खानदेशी बोलीत म्हणाली, आता घरचा चहाही तिनेच करायचा: "पोरी, आते घरना चहा तूच कर." ताई, इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

माझा गुडघा बरा आहे, जिना तेवढा टाळते. नेहा अजून ओट्यापासून लांबच असते का गं?

शेजारच्या तुषारबरोबर सामान पाठवतेय. घारी, ही इथली तुपातली मिठाई, सगळ्यांना, भाऊजींना मात्र अर्धीच. साडी सूनबाईला. दांड्याचं छोटं पातेलं नेहाचं. ते फडताळात ठेवू नकोस, तिच्याच हातात दे.

तुझी धाकटी,
कुमुद