नाचाची मॅट

ता. ३ जून
ती. ताईस, सा. न. वि. वि.
पार्सल मिळालं असेल. आमच्या गेम-सेंटरमध्ये पोरं ज्या नाचाच्या मशीनवर उड्या मारतात आणि जे मी सारखं उघडून दुरुस्त करत असतो, त्याचंच हे घरी टीव्हीला जोडायचं धाकटं भावंड. पडद्यावर बाण सरकतात. मॅटवरच्या त्याच बाणावर ठेक्यात पाय द्यायचा. मला वेड लागलंय म्हणशील. पण कंपवातामुळे अण्णांचे पाय दारात खिळतात ना, तशा पायांना ठेका मिळाला की ते सुटतात, असं इथे मुलीला घेऊन येणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं. आधी डॉक्टरांना विचार. मॅट फरशीवर सरकते, खाली रबर लाव.
रागावू नकोस, एवढीच विनंती.
तुझा धाकटा

ता. १९ जून
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.
डॉक्टर हो म्हणाले, अण्णा नाही म्हणाले. जन्मभर बस चालवली, आता माकड व्हायचं का, असं त्यांचं म्हणणं. चिडले तर मीही होते. त्यांचं उठवणं-बसवणं, वर शिलाईची कामं, आणि तू पाठवलंस काय, तर खेळणं! तरी काल मॅट चालते का बघायला मीच उभी राहिले. काय त्रेधा उडाली म्हणून सांगू! अण्णा खुर्चीत हसायला लागले, मग डावा पाय, डावा, म्हणून ओरडायला लागले, शेवटी मला बाजूला हो म्हणत स्वतःच उठले. मी मागून त्यांचा कमरेचा पट्टा धरला. उंबऱ्याशी अडणारा पाय बाणासरशी उचलला रे! मशीनने नापास केलं. मी त्यांना पास झालात म्हणून सांगितलं.
तब्येतीला जप.
तुझी ताई

ता. ८ जुलै
चि. धाकट्यास आशीर्वाद.
अक्षर लावून घे, हात ऐकत नाही. रोज संध्याकाळी मॅटवर उभा राहतो. दुखणं गेलेलं नाही. एखाद्या दिवशी पाय मुळीच हलत नाहीत. पण पुष्कळदा हलतात, आणि मजा येते, हे खोटं कशाला सांगू?
परवा गाणं संपून पडदा काळा झाला, तर काचेत माझ्यामागे ताई दिसली. उभ्या उभ्या पेंगत होती. पट्टा मात्र मुठीत घट्ट. मी खेळ तिथेच थांबवला.
तेव्हा रजा काढ आणि ये. तिला मावशीकडे पाठवतो आहे. नको म्हणाली, मी ऐकणार नाही. मशीन पाठवलंस, छान केलंस. आता पट्टा धरायला तू हवास.
वाट बघतो.
अण्णा