पोरगी पयाली नाही

चिरंजीव रंगरावाले मायचा आशीर्वाद.

मी बरी आहे. तुही अर्पिता बी बरी आहे, दोन टाइम जेवते. सूनबाईचे गुडघे कसे आहेत? म्हशीले वेळेवर पाणी दाखवजो.

राजस्थानात रामदेवऱ्याच्या दर्शनाले जाऊन राह्यलो हे मी तुले खोटं सांगतलं. उद्या पोरीचं कुलदीपसंग लग्न आहे. तो इथं वाळवंटातल्या राखीव जंगलात जीप चालवते. एक झाड दिसत नाही, आन म्हणे जंगल! माळढोक नावाचं पाखरू आहे, ते मारलं तं जेल होते म्हणून लोक भेतात. तू जातीपायी पोटच्या पोरीसाठी कुऱ्हाड घासत बसला, तुले कोणाचंच भेव नव्हतं.

मामा येणार नाही, तं पोरीच्या मांग मीच उभी राहीन. अंतरपाटाले माहं लुगडं चालते.

पत्ता लिहिला नाही. पत्र पोचेल तवर हे दोघं दुसरीकडं गेले राहतील.

पोरगी पयाली म्हणून गावात तोंड लपवू नको. ती पयाली नाही, मी नेली. मी एकटी घरी येईन, तवा कुऱ्हाड माह्यावर उचलजो. तिचा दांडा हालते, पाचर मारून ठेव.

तुही माय,
सत्यभामा