हिरवी टिकली लावलेली गाडी

अहमदपूर, जि. लातूर (सध्या तरी)
१७ एप्रिल २०१६

चि. लिंबाजी यास अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू, सिंधु आणि पोरगी खुशाल आहात असं धरून चालते. माझी तब्येत चांगली आहे. डावा गुडघा सोललाय, तो कसा ते पुढं येईल. इकडं नळाला पाणी कधी येतं हे विचारू नकोस. नळ आहे, एवढंच सांगते.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागले की तू "हाव अक्का, हाव अक्का" म्हणत राहतोस आणि मागं टीव्हीवर क्रिकेट चालू असतं. मागच्या आठवड्यात सांगितलं की तुझ्या गाडीचा पुढचा ब्रेक धोक्याचा आहे, तर तू म्हणालास, "हाव अक्का, कळवतो." काय कळवणार होतास, आणि कोणाला? मग म्हणालास की नांदेडच्या एजन्सीनं काम करून दिलंय, हिरवी टिकलीसुद्धा लावलीय. सिंधूनं जयंतीच्या मिरवणुकीतला फोटो पाठवला. पुढं तू, मधे पोरगी, मागं निळा झेंडा धरून सिंधु, तिघंही हसताय. फोटो छान आहे. मी मात्र तुमच्या तोंडाकडं न बघता पुढच्या चाकाकडं बघत बसले. ती टिकली काय चीज आहे, ते आता नीट वाच.

आपल्या दोन्ही गाड्या दोन वर्षांखाली विजयादशमीला एकाच दुकानातून, एकाच लॉटमधल्या घेतल्या. (जोडीनं घेतल्या म्हणून एक हेल्मेट फुकट मिळालं. ते तू नेलंस. सिंधु म्हणते त्यात सध्या लसूण आहे.) फेब्रुवारीत मला कंपनीचं पत्र आलं. ब्रेकच्या दांडीपासून चाकाकडं तेल नेणारा जो रबरी पाइप आहे, तो जोडाशी चिरतो, तेल गळतं आणि ब्रेक लागत नाही. तरी आपलं वाहन परत बोलावण्यात येत आहे, नवा पाइप मोफत बसवला जाईल, अशी इंग्रजी आणि हिंदी भाषा. खाली चित्र होतं. नव्या पाइपावर पांढरी रेघ, जुन्यावर नाही. शेजारच्या केवळाबाईंनी पत्र उलटं धरून पाहिलं आणि विचारलं, "गाडी परत बोलावली म्हंता, मग न्यायला कोण येनाराय?" मी हसले. आता वाटतं, सगळ्या प्रकरणात नेमका प्रश्न त्या एका बाईनंच विचारला. आमंत्रण धाडलं, आणि आम्ही दारात गेलो तर यजमान म्हणतो, तुम्ही कोण?

पहिली गेले इथल्या किशनरावांकडं, म्हणजे त्या एजन्सीची अहमदपूरची शाखा. दुकानात एकही मोटारसायकल नव्हती. काळ्या, पिवळ्या, निळ्या, छतापर्यंत पाण्याच्या टाक्या. बोर्ड मात्र तोच, मोटारसायकलवर वाऱ्यानं केस उडणारा तरुण, आणि त्याच्याखाली टाक्यांची रांग. किशनराव एका टाकीच्या आतून बोलले (माप घेत होते म्हणे). "अक्का, गाड्या कोन घेतंय औंदा? गाडी पाण्यावर चालत न्हाई, पन मानूस चालतं. टाकी घ्या एखादी." मी म्हणाले, टाकीला ब्रेक लागत नाही, मला गाडीचा हवाय. त्यांनी टाकीतूनच लातूरचा पत्ता सांगितला.

लातूरच्या सर्व्हिस सेंटरला कुलूप नव्हतं, पण काम बंद होतं. पाणी नाही म्हणून धुलाई नाही, धुलाई नाही म्हणून सर्व्हिसिंग नाही, आणि सर्व्हिसिंग नाही म्हणून मेकॅनिकना सुट्टी. पाइप बदलायला गाडी धुवावी लागते का, असं विचारलं, तर काउंटरवरचे वीरण्णा फार दुखावल्यासारखे झाले. ते उदगीरकडचे, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, उदगीर जिल्हा होऊ द्या की. तुमचं अहमदपूर तिकडंच जानार. मग आमची उदगीरला नवी एजन्सी. तुमची गाडी त्येंच्या हद्दीत." उदगीर जिल्हा होणार ही नुसती आवई, पण तिच्यावर या माणसानं माझा ब्रेक टांगून ठेवला. मला बहात्तरच्या दुष्काळाची नव्हे, ब्याऐंशीची आठवण झाली. लातूर उस्मानाबादपासून वेगळा झाला तेव्हा मी नव्यानं नोकरीला होते. आमची कागदं तिकडून निघाली आणि इकडं पोचली नाहीत, आणि दोन्हीकडचे साहेब म्हणायचे, तुम्ही त्यांच्याकडच्या. जिल्हे होतात रे, होऊ देत. पण तोवर मी उतारावर काय करायचं? वीरण्णा म्हणाले, हळू चालवा.

हळूच चालवत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता, घागरींची रांग पार रस्त्यात आलेली. मी दांडी दाबली. ती कशालाही न अडता हँडलला जाऊन टेकली. मागचा ब्रेक दाबला तर गाडी फरफटली आणि थेट रांगेच्या डोक्याशी, टँकरच्या तोटीखाली जाऊन आडवी झाली. कोणा माणसाला लागलं नाही, हे नशीब. घागरी मात्र गटारापर्यंत गेल्या. मला उचलायला कोणी येईल असं वाटलं. आली ती रांगेतली सरजाबाई, कमरेवर हात ठेवून. "अव बाई, नंबर धरा नंबर! लई शिकलेल्या, अन् गाडी घालून नंबर मोडून राहिल्यात!" मी म्हणाले ब्रेक लागला नाही. "हाव हाव, आमच्याच वक्ताला तुमचा ब्रेक लागत न्हाई!" सगळ्या बायकांनी मिळून मला रांगेच्या शेवटाला नेऊन उभं केलं. गुडघ्यातून रक्त येत होतं, पण भांडायला तोंड नव्हतं. उभीच आहे म्हणून एकीनं कळशी हातात दिली. असं मला त्या दिवशी कळशीभर पाणी मिळालं. या कंपनीच्या गाडीनं मला दिलेला आजवरचा हा एकमेव लाभ.

त्यानंतर गाडी टेम्पोत घालून नांदेडला नेली, जिथं घेतली तिथं. बाहेर दुष्काळ, आत गारवा, आणि येणाऱ्याला थंड पाण्याची छोटी बाटली. टाय लावलेल्या मॅनेजरनं कॉम्प्युटरमध्ये गाडीचा नंबर घातला आणि आनंदानं सांगितलं, "मॅडम, तुमच्या गाडीचं काम झालेलं आहे. मार्चमध्येच." मी म्हणाले, मार्चभर गाडी माझ्या ओट्यासमोर उभी होती, कोणी केलं? तो म्हणाला, "सिस्टिमनं." मी त्याला बाहेर नेलं, गुडघ्यावर बसवलं (स्वतः बसणं मला जमत नव्हतं) आणि पाइप दाखवला. पांढरी रेघ नाही, तेलाचा ओघळ आहे. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग खिशातून हिरव्या टिकल्यांचं पान काढलं, एक सोलली आणि चाकाच्या वरती चिकटवली. "आता झालं मॅडम." लिंबाजी, मी तिथं तासभर बसले. कंपनीला काम संपल्याचं दाखवायचं म्हणून आवारातल्या प्रत्येक गाडीला त्यानं टिकली लावली. एका पाहुण्याच्या गाडीलाही लावली, जी दुसऱ्याच कंपनीची होती. पाइप एकाही गाडीचा कोणी बदलला नाही. तुझी टिकली त्याच पानावरची आहे.

आता हे वाचून "अक्काला जिथं तिथं खोटच दिसते" असं म्हणशील. पत्र खाली ठेव, बाहेर जा, दांडीखालचा पाइप बघ. पांढरी रेघ असेल तर मी तुमच्या साऱ्या कंधार गावासमोर तुझी माफी मागेन. नसेल तर त्या गाडीवर पोरीला बसवू नकोस. तिला क्लासला उशीर झाला तर होऊ दे.

सिंधूला आशीर्वाद. पोरीनं अभ्यास करावा.

तुझी,
पंचशीला अक्का

ता. क. पाकिटावर तुझं नाव नाही, सिंधूचं आहे. म्हणजे हे सगळं तिनं तुला वाचून दाखवलंय आणि टीव्ही बंद आहे.

पुन्हा ता. क. वरचं सगळं तुला रागावण्यासाठी लिहिलं असं वाटलं असेल. तसं नाही. मला तुझं काम आहे. पुढच्या सोमवारी मी परत नांदेडच्या एजन्सीत जाऊन बसणार, पाइप बसेपर्यंत. मागच्या वेळी उठताना मॅनेजर म्हणाला, मिस्टरना पाठवा, त्यांना समजावतो. मी सांगितलं, मिस्टर नाहीत, गाडी आहे. तो म्हणाला, मग घरातलं कोणी तरी जेन्ट्स आणा. जन्मभर मी कोणत्याही कचेरीत पुरुष माणूस बरोबर नेलं नाही, हे तुला माहीत आहे. आता नेते. तू ये. तिथं तू एक शब्द बोलायचा नाहीस, पोट पुढं काढून उभं राहायचंस. बोलेन मी. दोन्ही गाड्यांचं एकदमच करून घेऊ.

तुझी गाडी तुमच्या शेजारच्या सटवाजीच्या टेम्पोत चढवून दे. तू एस.टी.नं ये.